नागपूरहून यायला किती तास

वाल सोलत होतो आम्ही. दोघांनी मिळून शेवटचं काही केलं असेल तर ते एवढंच. दिवस मावळायला आला होता. पडवीत मधे परात, परातीत कोमट पाण्यात मोड आलेले वाल, आणि दोन बाजूंना आम्ही दोघं. वाल दोन बोटांत धरून दाबला की साल हातात राहते आणि दाणा सटकन पुढं उडतो. तिचा दाणा परातीतच पडायचा. माझा कधी परातीत, कधी थेट अंगणात कोंबडीपुढं.

"स्टेरिंग धरल्यागत काय धरता त्याला?" ती म्हणाली. "वाल हाय तो."

"तुझ्या बापानं शिकवलं नाय मला."

"माझ्या बापानं पोरगी दिली तेवढं बास नाय झालं? वाल सोलायला पण त्यानंच शिकवायचं?"

आमचं हे असंच चालायचं. बेचाळीस वर्षं असंच चाललं. लोकांना वाटायचं भांडतात.

मग ती म्हणाली, दुपारी पोरीचा फोन आला होता. आम्हाला एकच मुलगी, नागपूरला दिलेली. पोरांच्या शाळेला सुट्टी लागली की येणार, आणि या खेपेला रेल्वेनं नाही, गाडीनं येणार. जावयांनी गाडी घेतलीय. "सकाळी निघालं की दिवस मावळायच्या आत दारात, म्हणते. नवा मोठा रस्ता झालाय ना."

मी हसलो. "येडी हाय तुझी पोर. नागपूर हाय ते, नेरळ नाय."

"जावई पण तेच म्हणतात."

"जावई हापिसात बसतो. त्याला काय ठाव? रस्ता नवा केला म्हणून नागपूर काय इकडं सरकलं?"

"सरकलं आसंल," ती म्हणाली. "तुमाला इचारून थोडंच सरकायचंय त्याला."

मी वाल सोलत राहिलो. तिनं परात उचलली आणि आत गेली. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत ती गेली होती.

मी पस्तीस वर्षं ट्रक चालवला. शाळा चौथीपर्यंत. वाचायचं म्हणजे रस्त्यावरच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर, तेवढं पक्कं. खालापूरच्या बाजूला कारखान्यात लोखंडी पत्र्याची भेंडोळी भरायची आणि नागपूरला नेऊन उतरायची. कसारा चढलं की नाशिक, धुळे, जळगाव, भुसावळ, मलकापूर, खामगाव, अकोला, अमरावती, मग नागपूर. दोन रात्री आणि मधला दिवस जायचा. पाऊस असला तर त्याहून जास्त. मलकापूरच्या पुढं कुठल्या वळणावर रस्ता खचतो ते मला झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं.

गावात कुणाला कुठं लांब जायचं असलं की मला विचारायचे. शिर्डीला किती तास, कोल्हापूरला किती वाजता निघू, लग्नाची गाडी धुळ्याला मुहूर्तावर पोचेल का. मी बोटांवर मोजून सांगायचो, आणि माझा टाईम चुकायचा नाही. त्याचा मला ताठा होता. दुसरं होतं काय ताठा करायला?

घरच्यांना मात्र मी कधी खरा टाईम सांगितला नाही. सगळे डायवर असंच करतात. ढाब्यावरून शेजाऱ्यांच्या घरी फोन लावायचा, ते हिला हाक मारून आणायचे, आणि मी सांगायचो, "कसारा उतरलो बघ. पोचतोच." प्रत्यक्षात मी मलकापूरला टायर बदलत असायचो. खरं सांगितलं तर बाईमाणूस उगाच काळजी करतं, आणि आपल्यालाही ते ऐकवत नाही. पहिली काही वर्षं ती भाकऱ्या करून वाट बघत बसली. मग हुशार झाली. "तुमचं पोचतोच म्हंजे उद्या," म्हणायची. आणि उद्याच रांधायची.

पोरीला नागपूरला दिली तीही मीच. ज्या गोदामात माल उतरायचो तिथल्या कारकुनाचा मुलगा. घर चांगलं, माणसं सरळ. हिला मी आधी विचारलंही नाही, शब्द देऊन आलो. तेव्हा ही आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती. नवव्या दिवशी एकच बोलली, "माल उतरायला जाता तिथंच पोर पण उतरून आलात."

पोरीच्या पहिल्या बाळंतपणाला मी हिला ट्रकात बसवून नेली. पोरगी माहेरी येऊ शकत नव्हती, डॉक्टरनं प्रवास करू नको म्हणून सांगितलं होतं. हिनं कॅबिनमधे मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा धरला तो नागपूरपर्यंत सोडला नाही. नाशिकला विचारलं, "किती राहिलं?" मी म्हटलं, अर्धं झालं. धुळ्याला विचारलं. अर्धं झालं. भुसावळला विचारलं. अर्धं झालं.

"तुमचं हे अर्धं संपतं कुठं?" ती म्हणाली. आणि अमरावतीच्या अलीकडं तिनं विचारायचंच सोडलं. बाहेर बघत बसली. मग म्हणाली, "एवढ्या लांब टाकली वो माझी पोर. मी मेले तर ती येयची कशी?"

मी म्हटलं, "मरायच्या आधी सांग, मी आणून ठेवीन."

हे मी बोललो होतो. गाडीच्या आवाजात, पुढं बघत, पण बोललो होतो.

त्या सकाळी ती पाचला उठली. चूल पेटवली, पाणी तापत ठेवलं. मग पडवीत येऊन भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "जरा पाठ चोळा वो. वाऱ्याचं कायतरी हाय." मी पाठ चोळली. अंग घामानं भिजलं होतं. शेजाऱ्यांनी कशेळ्याला फोन करून जीप मागवली. जीप येईपर्यंत न्यायला काही राहिलं नव्हतं. पाण्याचं भांडं चुलीवर उकळत होतं, ते शेजारच्या वहिनींनी उतरवलं.

पोरीला फोन मी नाही केला. मेव्हण्याला करायला लावला. हिचा धाकटा भाऊ, पलीकडच्याच गावात राहतो, तो लगेच आला होता. फोनातून पोरीचं रडणं मला लांबून ऐकू आलं. मग ती म्हणाली ते मेव्हण्यानं मला सांगितलं : मी येते, आईला नेऊ नका, मला तोंड बघायचंय. भावकीतली एक सून म्हणाली, फोनवर दाखवू का तिला, व्हिडिओ लावून? पोरगी नको म्हणाली. मला आई फोनात नको बघायला.

पावणेआठला जावयांचा फोन आला. तो मी घेतला. "बाबा, निघालो आम्ही. सव्वापाचपर्यंत पोचतो. थांबा."

मी बरं म्हटलं. आणि मनात म्हटलं, हा पण डायवर झाला. शेजारी बायको रडतेय, तिला ऐकू जाईल असं बोलतोय, खरा टाईम कसा सांगेल? मी पस्तीस वर्षं जे केलं तेच तो करतोय असं मी धरलं.

दुपारी दोनपर्यंत सगळं तयार झालं. वैशाखाचं ऊन. लाकडं नदीवर पोचली होती. ती सवाष्ण गेली, म्हणून माहेरचं लुगडं लागतं, ते मेव्हण्यानं कर्जतहून आणलं, हिरवं. बायकांनी तिला आंघोळ घातली, नेसवली, चुडा भरला. मी पडवीत खांबाला पाठ लावून बसलो होतो. आत गेलो नाही.

आमच्या आळीत मयत उचलल्याशिवाय कुणाची चूल पेटत नाही. म्हातारे सकाळपासून बिनचहाचे बसले होते. तिसऱ्या घरात ओली बाळंतीण, तिच्यापुढं कालची भाकरी. कुणी तोंडानं काही बोलत नव्हतं. पण सगळे मधूनमधून उन्हाकडं बघत होते.

तीन वाजता भावकीतला मोठा माणूस माझ्यापुढं येऊन उकिडवा बसला. "पोरगी कधी पोचंल रं? तुला रस्ता ठाव हाय. तू सांगशील तसं करू. थांबायचं तर थांबू."

सगळी पडवी माझ्याकडं बघायला लागली. जशी लग्नाच्या गाडीच्या टायमाला बघायची तशी.

मी बोटं मोजली. नागपूर ते अमरावती, तिथून अकोला, खामगाव, मलकापूर. ट्रकाचा टाईम सोडून दिला, लहान गाडीचा धरला. चहापाणी धरलं. कसारा धरला, मुरबाडवरून यायचं धरलं. "बारा," मी म्हणालो. "रातचे बारा. त्याच्या आत नाय."

मेव्हणा म्हणाला, "भावोजी, जावई तर सव्वापाच म्हणतात."

"ते म्हणणारच."

"मग एकदा फोन लावून बघू. कुठं आलेत कळंल."

"नाय लावायचा," मी म्हणालो. "चालत्या गाडीला फोन करायचा नस्तो. अशा टायमाला तर नायच नाय. ध्यान हाललं, काय झालं, मग काय करशील?"

हा माझा नेम होता. मी गाडीवर असताना कुणी मला फोन केलेला मला चालायचा नाही. मी करीन तेव्हा बोलायचं. मेव्हण्यानं फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, "दहिवलीवरून बर्फाची पेटी मागवतो. सकाळपर्यंत ठेवू. ताईची एकच पोर हाय वो."

"बर्फात नाय ठेवायची तिला. मासळी हाय का ती?"

असं बोललो मी. ती भावकीतली सून पुन्हा पुढं आली, म्हणाली, निदान एक फोटो काढून ठेवते, काकी छान दिसतायत. मी तिच्यावर ओरडलो. मेलेल्या माणसाचा फोटो काढतात काय, म्हणून.

आता सांगायला बसलोय तर अर्धं कशाला सांगू. नुसत्या रस्त्याचा हिशेब चुकला असता तर मी एवढं सांगितलं नसतं. रस्त्याचं मला खरंच वाटलं होतं, बारा वाजणार असं. पण त्याच्याखाली दुसरं होतं. ती जमिनीवर निजली होती आणि मला ते सोसत नव्हतं. रात्री बारापर्यंत, नाहीतर सकाळपर्यंत, ती तशी आणि मी असा, हे मला नको होतं. बारा हे उत्तर आलं तेव्हा मला बरं वाटलं. त्या उत्तरात थांबायची गरज नव्हती.

सव्वाचारला मी अग्नी दिला.

लाकडं सुकी होती, धडाधड पेटली. आम्ही नदीत बुडी मारली आणि ओल्या कपड्यांनी माघारी निघालो. नदीवरून रस्त्याला लागलो तर समोरून एक पांढरी गाडी धूळ उडवत आली. वेगानं येत होती. मी आपला सवयीनं नंबर बघितला. एम.एच. एकतीस.

एकतीस म्हणजे नागपूर. पोरगी दिसायच्या आधी मला नंबर दिसला.

मेव्हण्यानं हातातल्या घड्याळात बघितलं. पाच वाजून पाच मिनिटं. जावयांनी सांगितलेल्या टायमाच्या दहा मिनिटं आधी.

गाडी आमच्यासमोर थांबली. पोरीनं काच खाली केली, आमचे ओले कपडे बघितले, आणि तिला कळलं. ती दार उघडून नदीकडं पळत सुटली. कुणीतरी म्हणालं, बायामाणसांनी जायचं नस्तं, आडवा तिला. मी म्हटलं, जाऊ द्या. ती चितेच्या अलीकडं दहा-बारा पावलांवर थांबली. झळ लागत होती, पुढं जाता येत नव्हतं. तिथंच उभी राहिली.

जावई माझ्याजवळ आले. त्यांच्या डोळ्यांत तांबडं आलं होतं. "बाबा, फक्त एकदाच थांबलो. पेट्रोलला. पोरांना गाडीतच बिस्किटं दिली." एवढंच बोलले. कसाऱ्याला आता डोंगराच्या पोटातून बोगदा नेलाय, घाट लागतच नाही, हे मला नंतर कळलं. अकोला नाही, मलकापूर नाही, भुसावळ नाही. मुरबाड सोडलं तर माझ्या बोटांवरचं एकही गाव त्या रस्त्यात नव्हतं.

घरी आल्यावर पोरीनं मेव्हण्याला विचारलं, "मामा, कुणी घाई केली?" मेव्हणा भला माणूस. माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाला, "गावकीचं असतं बाय तसं. आळीत चुली बंद. म्हातारी माणसं. लोक थांबत नाय." मी तिथंच बसलो होतो. मी ऐकलं आणि गप्प बसलो. ती रात्र मी तसाच गप्प काढली.

सकाळी शेजारच्या वहिनी भाकऱ्या आणि चहाची किटली घेऊन आल्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीच आणून देतात. वहिनी सत्तरीच्या. हिची आणि त्यांची जाऊबाईसारखी गाठ. मोरीपासून वाळवणापर्यंत सगळं एकत्र. पोरगी दारात उभी होती. तिनं वाट सोडली नाही.

"घेऊन जा, काकू. तुमच्या चुली पेटल्या ना? झालं तर मग. एका तासासाठी माझ्या आईला तुम्ही ठेवली नाय. एक तास वो काकू! तुमच्या भाकरीनं काय करू?"

वहिनींचं तोंड पांढरं पडलं. त्या सगळं ऐकत होत्या काल, पडवीच्या आत बसून. बारा ऐकलं होतं, फोन नको ऐकलं होतं, मासळी ऐकलं होतं. घाई कुणाची होती ते त्या एका शब्दात सांगू शकल्या असत्या. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, भाकऱ्यांचं फडकं उंबऱ्याच्या कडेला ठेवलं, आणि वळल्या. वाकून, हळूहळू, अंगण ओलांडून गेल्या.

मग मी उठलो.

"काकूला बोलू नको," मी पोरीला म्हणालो. "गावानं नाय केली घाई. गाव थांबत होतं. मी सांगितलं न्या म्हणून."

तिनं माझ्याकडं बघितलं.

"मामा बर्फाची पेटी आणतो म्हणत होता. मीच नाय म्हटलं. तुमाला फोन लावतो म्हणाला, ते पण मीच नाय म्हटलं. फोटो मीच काढू दिला नाय. तू बाराच्या आत येणार नायस आसं मी सगळ्यांना सांगितलं. आणि तुझ्यासाठी थांबायचं बळ माझ्यात नव्हतं. जमिनीवर बघवत नव्हती ती. हे सगळं माझं हाय."

जावई पोरांना घेऊन मागच्या अंगणात गेले. मग तिनं विचारलं, "किती वाजता दिला?"

"सव्वाचार."

"आम्ही मुरबाडच्या बाजारात होतो," ती म्हणाली. "पुढं टेंपो आडवा लागला होता." आणि खाली बसली. रडली नाही. रडली असती तर मला बरं पडलं असतं. मग म्हणाली, "कशी दिसत होती?"

मी तोंड उघडलं. हिरवं लुगडं, म्हणालो. मामानं आणलेलं. कुंकू मोठं लावलं होतं. चुडा.

"तोंड, बाबा. तोंड कसं होतं? दुखल्यासारखं होतं का?"

मला सांगता येईना. अग्नी देताना मी लाकडांकडं बघत होतो. पाणी पाजलं तेव्हा तिच्या हनुवटीकडं बघत होतो. तिरडीवर ठेवताना पायाकडं उभा होतो. पाठ चोळायला बसलो तेव्हापासून पुढं तिचं तोंड मी नीट बघितलंच नव्हतं. बेचाळीस वर्षांचं तोंड, आणि शेवटचं विचारलं तर माझ्यापाशी काही नाही.

"मी नाय बघितलं," मी म्हणालो.

मी चपला घातल्या नाहीत. सुतकात दुसऱ्याच्या दारात जात नाहीत, पण गेलो. वहिनी पडवीत बसून पदरानं डोळे पुसत होत्या. मी त्यांच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिलो.

"वहिनी," म्हटलं, "मी सांगितलं तिला. सगळं माझं हाय म्हणून सांगितलं. आता तुमी चला."

"मी कशाला?"

"तुमी तिला न्हाऊ घातलंत. तुमी तिचं तोंड पुसलंत. पोर इचारते, आय कशी दिसत होती. माझ्यानं सांगवत नाय."

वहिनी उठायला बघत होत्या, गुडघा साथ देईना. मी हात पुढं केला. त्यांनी धरला. दोघं अंगणातून आलो. पोरगी उंबऱ्यातच बसली होती. वहिनींना बघून ती सरकली आणि शेजारी जागा केली. वहिनी बसल्या, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "दुखल्यासारखं नव्हतं गं बाय. निजल्यासारखं पण नव्हतं, खोटं कशाला बोलू. कुणीतरी हाक मारल्यावर वळून बघतो ना आपण, तसं होतं. डावीकडं."

मी खांबाशी बसलो आणि ऐकत राहिलो.